बायकांच्या दाराशी

नवरा गेल्यावर मी आसेगावहून वाशीमला भावाकडे राहायला आले. तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर कापडाची चार दुकानं, कासारांच्या बांगड्या आणि एक शेवचिवड्याचं हॉटेल, एवढंच होतं. कापूस विकून झाला की हिवाळ्यात तमाशाचे, सर्कशीचे तंबू पडायचे आणि उठून जायचे. मग एका व्यापाऱ्यानं तिथं टिनाचं सिनेमाघर बांधलं आणि रस्ताच पालटला. शिंपी आले, फोटोवाला आला, सोडा-लेमनच्या गाड्या लागल्या. दुपारच्या खेळालाही पुरुषांची रेटारेटी व्हायची.

घरंदाज बायका मात्र येईनात. मालकानं भावाला गाठलं. "बायकांच्या दाराशी एखादी शहाणी बाई बसली पायजे. तुमची बहीण घरीच हाये ना?" भाऊ हो म्हणून आला. मला कोणी विचारलं नाही.

कनात लावून वेगळे केलेले चार बाक होते. त्यांच्यापाशी मी स्टूल टाकून बसायची, तोंड दाराकडे. नजर दारावरून हलवायची नाही, अशी मालकाची ताकीद. पाठीमागे पडद्याकडे बघून लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे आणि मी रिकामे बाक राखायची. महिनाभरात आळीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी विहिरीवर गेले की त्या घागरी उचलून निघायच्या.

एका दुपारी कचेरीतल्या कारकुनाची बायको एकटीच आली. परगावची, मूलबाळ नसलेली.

"तुम्ही अशा पाठ करून का बसलात?" तिनं विचारलं.

"दार पाहा लागते ना, बाई."

ती हसली. बाकाच्या टोकाला सरकून माझ्या कानाशी आली आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगू लागली. मग दर बुधवारी यायची. कधी चित्र सोडून माहेरच्या नदीबद्दलच बोलत राहायची. बुधवारी मी धुतलेलं लुगडं नेसायची.

सहा महिन्यांनी तिच्या नवऱ्याची बदली झाली. त्या बुधवारी ती आली, पण बसली नाही.

"आम्ही उद्या निघतोय."

"मंग आज कायले आल्या? सामान बांधाचं असन तुमाले," मी म्हटलं. म्हणायचं होतं दुसरंच. तिनं थोडा वेळ माझा हात धरला आणि ती गेली.

पुढं देवादिकांची चित्रं लागली, तशा बायका येऊ लागल्या. बाक पुरेनात. सगळ्या माझ्या अंगावरून आत जायच्या. एकदा न राहवून मी मागच्या बाईला विचारलं, "काय झालं व?"

"चूप राय ना बाई, आयकू दे," ती म्हणाली.

जर्मनच्या लढाईच्या काळात मालकानं वर माडी काढली आणि बायकांसाठी वेगळा जिना केला. माझं काम उरलं नाही. मी सरकी काढायच्या जीनमध्ये कापूस निवडायला जाऊ लागले. तिथं मशीनच्या धडधडीत कोणालाच बोलता येत नसे. मला ते सोपं गेलं.