खिडकीपर्यंत न पोचलेला फॉर्म

दीड वर्ष आमच्या घरात सगळे धरून चालले होते की नातीचा फॉर्म शाळेच्या ऑफिसात गहाळ झाला. तो ऑफिसात पोचलाच नव्हता. तो माझ्याकडे होता.

इथे आयर्लंडमध्ये हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षानंतर मुलांना एक मोकळं वर्ष घेता येतं. मोठ्या परीक्षेचा घोर नाही. मुलं कुठे काम करून बघतात, नाटक बसवतात, आवडीचं काहीतरी धरून बसतात. नातीला आमच्या क्लोनडॉकिनच्या कालव्यातल्या गोगलगायींचं वेड होतं. शनिवारी गमबूट घालून ती काठावर जायची. कुठली, किती, कोणत्या पुलाखाली, सगळं वहीत. विज्ञानाच्या बाईंनी तिला त्यावर वर्षभराचं काम आखून दिलं होतं. जागा मोजक्या, त्यातली एक तिला मिळाली. फक्त सही केलेला फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, आणि त्या शुक्रवारी ती तापाने पडली. मुलगा आणि सून कामावर गेलेले.

"आजोबा, ऑफिसच्या खिडकीत द्याल ना? नक्की?"

"देतो गं."

मी पुण्यात चौतीस वर्षं गणित शिकवलं. आमच्याकडे 'वर्ष वाया गेलं' हे नापास मुलाबद्दल दबक्या आवाजात म्हणतात. हुशार मुलगी ते आपणहून घालवणार, हे मला सोसत नव्हतं. जेवताना मी विषय काढला की ती म्हणायची, "झालं, आजोबांचं मीटर सुरू!" मुलगा हसायचा. "बाबा, इथे शेवटच्या परीक्षेचेच गुण बघतात. मधे एक वर्ष रमू दे की तिला." मी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. शेवटचेच गुण बघतात ना, मग गोगलगायी कशाला?

शाळेच्या फाटकातून मी परत फिरलो. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तिला वाचवल्यासारखं वाटलं.

सोमवारी शाळेने कळवलं, फॉर्म आला नाही, जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली.

"बाबा, तुम्ही दिला होतात ना?"

"खिडकीतल्या बाईंच्या हातात दिला."

मुलगा त्या बाईंना फोनवर नको ते बोलला. भेटल्या की माझ्या गुडघ्यांची चौकशी करायच्या त्या. तेव्हापासून त्या दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

मोकळं वर्ष, म्हणजे चौथं, गाळून नात एकदम पाचव्या वर्षात गेली. अभ्यासापुढे कालवा सुटला.

यंदा तिने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अर्ज करायचं ठरवलं. फार थोड्यांना घेतात तिथे. नुसते शेवटचे गुण पुरत नाहीत. चौदा-पंधराव्या वर्षापासूनचे सगळे लागतात, आणि तुम्हाला कशाचं वेड होतं, ते कुठवर नेलंत, हेही सांगावं लागतं. हे ऐकलं त्या दिवसापासून जेवताना मी अभ्यासाचा विषय काढणं सोडलं.

एका दुपारी तिने मला लॅपटॉपपाशी बसवलं. मराठी समजते तिला, बोलते मात्र इथल्या इंग्रजीत.

"आजोबा, तुम्ही माझे साक्षीदार. गोगलगायींचं काम का थांबलं ते इथे लिहायचंय. ऑफिसने फॉर्म हरवला, असं लिहितेय. शाळेतले करिअर-गाइडन्सचे सर सोबत पत्र देणार आहेत, उद्या ते ऑफिसात विचारतील. तुम्ही दिलात तेव्हा किती वाजले होते?"

"साडेनऊ," मी म्हणालो.

तिने ते टाइप केलं. तो आकडा मला समोर दिसला. उद्या त्या बाई नाही म्हणणार. मग अर्जात खोटं लिहिणारी ठरेल ती.

"थांब. मी दिला नव्हता."

"काय?"

"फाटकातून परत आलो. तुझं वर्ष वाया जाईल म्हणून."

ती हसली. मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. मग हसणं थांबलं.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग आज सांगा. मी नाही सांगणार."

तिने तो परिच्छेद खोडला.

"माझं नाव लिही," मी म्हणालो. "आजोबांनी फॉर्म दाबला म्हणून."

"ते माझं काम मागतायत, आजोबा. तुमचं नाही."

तिने तिसऱ्या वर्षापर्यंतचं लिहिलं. त्याच्या पुढे लिहायला काही नव्हतं.

संध्याकाळी मुलगा ॲथलोनहून, कामावरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो कोट न काढताच खुर्चीत बसला. "त्या बाईंना मी काय काय बोललो, बाबा," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या खिडकीपाशी गेलो. बाईंनी ऐकून घेतलं. गुडघ्यांचं विचारलं नाही.

अर्ज गेला. उत्तर अजून यायचंय. नातीचा फोन वाजला की मी तिच्याकडे बघतो. ती वाचते, फोन उलटा ठेवते. काय आलं, हे मला विचारता येत नाही.