सतरा नंबरची कोरी ओळ

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी रिपोर्ट काढते. आमच्या मागांचा खडखडाट एवढा, की तिकडं होटगी स्टेशनात आगगाड्या शिट्टी वाजवायचा नाद सोडून नुसती मान हलवून जातात. खोटं वाटत असेल त्यानं यावं आणि बहिरं होऊन जावं.

एका सोमवारी आमचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर नवं झालं. हेल्पलाइनवाला म्हणाला, "मॅडम, फरकच जाणवणार नाही." जाणवला की! कुठल्या मागानं किती टॉवेल काढले ते सगळं दिसत होतं, पण सतरा नंबरच्या पुढं नुसती पांढरी जागा.

सतरा नंबर मामांचा, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या विणकराचा. मामा त्या मागावर इतकी वर्षं उभे, की दोघांना खोकला एकदमच यायचा. पण धाकटे मालक पुण्याहून शिकून आलेले. ते मागापेक्षा मोबाईलवरचा रिपोर्ट जास्त बघत. चार दिवस कोरी ओळ बघून शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, "सतरा बंद पडलाय. दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. मामा, तुम्ही उद्यापासून घडी घालायला बसा."

मामा तडक माझ्या टेबलाशी. "बंद? सकाळपासनं ठोकतोय की ओ त्यो!"

"मालकांना रिपोर्टमध्ये दिसत नाही, मामा."

"मी तरी दिसतोय का त्यास्नी?"

मी कॉम्प्युटर इतक्यांदा बंद-चालू केला, की गल्लीतले दिवे लुकलुकायला लागले. हेल्पलाइनवाल्यानं 'कॅशे क्लिअर करा' हा मंत्र सात वेळा दिला. फरक शून्य. मग मला एक गंमत दिसली. खालची बेरीज मोठी होती! दिसणाऱ्या ओळींची मी हातानं बेरीज केली, तर ती कमी भरली, आणि नेमकी एका मागाच्या मालाएवढी. म्हणजे आकडा आत होता. मग तो लपला कशाला? आणि सतराचाच का? भंगारवाला विसरून मी त्या कोड्यातच रंगले.

"मामा, आकडा आहे, पण दिसत नाही."

मामा हसले. "मंग हॉटेलच्या टावेलागत बघा की."

आमच्याकडं हॉटेलांसाठी पांढऱ्यावर पांढऱ्या नक्षीचे टॉवेल निघतात. समोरून बघितलं तर कोरा, तिरपा धरला की फुलंच फुलं. मामा टेबलापुढं उकिडवे बसले, हनुवटी कीबोर्डला टेकवली आणि खालून पडद्याकडं बघत ओरडले, "हितं हाय की ओ!"

मीही वाकले. आमचा मॉनिटर असला स्वस्तातला, की खालून बघितलं तर त्यावरचे सगळे रंग उलटे होतात. सतराच्या ओळीत काळपट आकडा ठळक उभा! आणि मला आठवलं. गेल्या वर्षी मीच हौसेनं सेटिंग केलं होतं, की ठरलेल्यापेक्षा जास्त माल काढणाऱ्या मागाचा आकडा हिरव्या पट्टीवर मोतिया पांढऱ्या रंगात यावा. नव्या सॉफ्टवेअरनं पट्टी गिळली, मोती तेवढा ठेवला. सगळ्यात जास्त माल सतराच काढत होता, म्हणून सतराच गायब!

टेम्पो फाटकात शिरलाच होता. मी मालकांना ओढत आणलं. तेही इस्त्रीच्या पॅंटीनिशी उकिडवे बसले. आत आलेल्या भंगारवाल्यानं बघितलं, तर आम्ही तिघं कॉम्प्युटरला दंडवत घालतोय! त्यानं चपला काढल्या.

मी पट्टी परत हिरवी केली. मालकांच्या मोबाईलवर सतरा झळकला. त्यांनी आकडा बोटानं मोठा करून बघितला. "मामा, माग राहू दे," एवढंच म्हणाले आणि भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मामा दारात थांबले. "ताई, पांढऱ्यावर पांढरं अक्षर टाकायची अक्कल कुणाची ओ?"

"कंपनीची," मी म्हणाले. "हे नवं सॉफ्टवेअर म्हणजे, मामा, काही विचारू नका."

"आसं व्हय," मामा म्हणाले. मग सावकाश उकिडवे बसले आणि खालून माझ्या तोंडाकडं बघायला लागले.