छायाबाईंच्या ओट्यावरची प्रार्थना

छायाबाई माझ्या शेजारीण. शरणपुरात आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्याविषयी लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं. जमेल की नाही, शंकाच आहे.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर, द्राक्षाच्या वेलाखाली चटई पडते. पानांतून येणारा उजेड हिरवा होतो, मग राखाडी, मग तो कुठे जातो ते कळत नाही. अशा वेळी त्यांच्या घरचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, सुरू होतं. आधी एक गीत, मग प्रत्येकाने थोडं थोडं वाचायचं. पुढचा नियम छायाबाईंचा स्वतःचा: मुलांनी एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय जेवायला उठायचं नाही.

"आई, नोहाच्या तारवात सगळे प्राणी होते, तर झुरळंपण होती का गं?" त्यांचा राज विचारायचा.

"होती. आणि तुझ्यापेक्षा गुमान बसली होती."

"मग नोहानं तेव्हाच चप्पल का नाही मारली? आपली कटकट गेली असती!"

छायाबाई हसायच्या, पण उत्तर द्यायच्याच. देवामागे चालायचं तर वाट विचारत चालावं, असं त्या मुलांना सांगत.

यंदा श्रावणात त्यांची धाकटी बहीण इगतपुरीला वारली. मेहुणे रेल्वेत, ड्युटीचा काही नेम नाही. म्हणून तिची मुलगी सायली इकडे राहायला आली. नऊ-दहा वर्षांची असेल. ओट्यावर बसायची, पण वाचायची नाही, गायची नाही. तिला प्रश्नाचा नियमही नव्हता. राज एकदा कुरकुरला, "तिला बरी सूट!" तेव्हा छायाबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. सायलीने एकदा तरी तोंड उघडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. भिंतीपाशी येऊन त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, ही पोर आमच्यात असून आमच्यात नाही."

ऑक्टोबरात त्यांच्या यजमानांनी वेलाची छाटणी केली. ओटा एकदम उघडा पडला, वर आभाळ दिसू लागलं. नेमकं समोर आहे, मुलांना पटकन समजेल, म्हणून छायाबाईंनी त्या संध्याकाळी द्राक्षवेलाचा अध्याय काढला. त्यातला माळी म्हणजे देव; तो फाटे का छाटतो, ते त्या हात वर करकरून दाखवत होत्या.

तेवढ्यात सायली बोलली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग माझ्या आईला देवानं छाटलं का?"

छायाबाईंनी वर गेलेला हात खाली घेतला.

"मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या.

"तुला तर सगळं माहीत असतं!" असं म्हणून सायली आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर आली नाही. राज बोलवायला निघाला, तर छायाबाईंनी त्याला थांबवलं. गीत झालं, वाचन झालं. राज प्रश्न विचारणार, तोच त्या म्हणाल्या, "आज मी विचारते." त्यांनी डोळे मिटले. आवाज नेहमीचा प्रार्थनेचा नव्हता, घरातल्या माणसाशी बोलावं तसा होता.

"देवा, माझी बहीण का नेलीस? तिची मुलगी मला विचारते. मी काय सांगू? मला तुझा राग आलाय. तरी तुझ्याकडेच आलेय, दुसरं कुठे जाऊ?"

सायली दारात येऊन उभी होती. हातात अर्धी सोललेली लसणाची पाकळी.

"मावशी, देवाला असं बोललेलं चालतं?"

"चालतं. शास्त्रात कितीतरी माणसं त्याच्याशी भांडली आहेत."

"मग तो रागावला?"

"त्यानं ऐकून घेतलं."

सायलीने थोडा विचार केला. मग चटईवर येऊन मावशीच्या मांडीला टेकून बसली आणि डोळे मिटले. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. ती काय बोलली ते मला भिंतीअलीकडे ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. आत भात निवत होता. राजसुद्धा उठला नाही. आभाळात एकेक चांदणी दिसू लागली, आणि सायलीचं बोलणं संपलं की आमेन म्हणायचं, म्हणून छायाबाई वाट पाहत बसल्या होत्या.