चिकूच्या वाडीतला चौथा

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तलासरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. कोणी फोटोत 'भूत' दाखवायला आलं, की मी लेन्सवरचा डाग दाखवून, चहा पाजून त्याला परत पाठवायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

गेल्या वर्षी आम्ही चिखल्याला, सासऱ्यांच्या चिकूच्या वाडीत होतो. दुपारचे चार, लख्ख ऊन. सासऱ्यांना सगळे तात्याच म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं हार्टचं ऑपरेशन होतं आणि माझ्या बायकोला, सुजाताला, सातवा महिना. म्हटलं, एक फोटो होऊन जाऊ दे. ट्रायपॉड उभा केला, टायमर लावला आणि पळत जाऊन दोघांशेजारी उभा राहिलो.

"जावईबापू, तिघांचा फोटो काढू नये," तात्या म्हणाले. "हातात खडा तरी घ्या, चौथा म्हणून."

"तुम्ही पण ना तात्या! ट्रायपॉडला पण तीनच पाय आहेत, पडतोय का तो?"

कॅमेऱ्याने दोन-दोन सेकंदांनी तीन फोटो काढले. सुजाता ओट्यावर जाऊन बसली. मी स्क्रीन बघितली आणि...

पहिल्या फोटोत, झाडांच्या ओळीच्या पार टोकाला एक माणूस. मान खाली. दुसऱ्यात तो निम्म्या वाटेवर. तिसऱ्यात आमच्या मागे — आणि हात सुजाताच्या खांद्यावर!

वळून बघितलं. वाडीत कोणी नाही. पाचोळाही वाजला नव्हता. कॅमेरा हलला म्हणावं, तर तिन्ही फोटोंत पान न् पान जागच्या जागी. मी कॅमेरा तात्यांपुढे धरला.

तात्यांनी बराच वेळ स्क्रीन बघितली. मग म्हणाले, "आता माझा एकट्याचा काढा."

"तात्या, नको..."

"काढा म्हणतो ना!"

ते त्याच जागी जाऊन उभे राहिले. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हणाले, "पोरीला सोड. मी येतो."

मी बटण दाबलं. फोटोत तो हात तात्यांच्या खांद्यावर होता.

तात्या ऑपरेशनमधून परत आले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण पटण्यासारखं होतं. त्या हाताचं कारण मात्र मला आजवर सापडलेलं नाही. मुलगी सुखरूप झाली, आता रांगते. ट्रायपॉड नसता तर मी कॅमेऱ्यामागे असतो आणि फोटोत ते दोघंच असते... हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

सुजाताला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. ती विचारते, "अहो, तात्यांचा तो शेवटचा फोटो मोठा करून कधी देताय?"

स्टुडिओ घरचा... आणि मी रोज नवं कारण शोधतो.