नानांचं मौन

भट्टीच्या दारावरचा ओला चिखल मी नखांनी ओरबाडत होते आणि आतून कोणीतरी दार खरवडत होतं. हिरामणने पहार घातली. पत्र्याचं दार सुटून बाहेर आलं आणि त्याच्यामागून धूर. डोळे उघडेनात. वाकून पाहिलं तर एक माणूस उंबऱ्याशी पालथं पडलेलं आणि दुसरं पार आत, भिंतीला टेकून मांडी घालून बसलेलं. धुरात चेहरे दिसत नव्हते. पण बसलेले ते नानाच, हे मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं.

नाना आमचे मालक. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव केळीचं. आता मोठ्या व्यापाऱ्यांनी थंड खोल्या बांधल्या आहेत, तिथे गॅसवर केळी पिकवतात. नानांची भट्टी जुनी, विटांची, बिनखिडकीची. आत घड रचायचे, दार चिखलाने लिंपायचं आणि मागच्या भिंतीच्या भोकातून धुमसत्या गोवऱ्यांचं मडकं आत सरकवायचं. मी तिथे घड धुवायला होते. लग्न होऊन गावात आले तेव्हापासून तेच काम. शाळा चौथीपर्यंत. आत्मा मला कधी कळला नाही. नानांना मात्र फार कळायचा.

हाताच्या पाठीवरची सैल कातडी ते दोन बोटांनी उचलून धरायचे आणि समोरच्याला दाखवून म्हणायचे, "हाई मी नही." मग सोडून द्यायचे. हिशेब विचारायला आलेल्या माणसालाही दाखवायचे. एखादं प्रवचन ऐकून ते बोलायला लागले असते तर समजलं असतं, तशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आठ दिवसांत उतरतं. नानांचं उतरलं नाही, वाढत गेलं.

एकदा बागेत तोडलेला केळीचा खांब घेऊन ते आमच्यात येऊन बसले. त्याचे सोप, एकावर एक गुंडाळलेले पापुद्रे, सोलायला लागले. एक सोप, दुसरा सोप. "देख माय, ह्या शरीरनं असं शे. सोलत जाय, सोलत जाय, मझार काहीच नही." मला ते माय म्हणायचे, तशा सगळ्याच बायांना. मी पाहत राहिले. शेवटी पांढरा दांडा निघाला.

"नाना, हा निघाला की," मी म्हटलं. "भाजी होते याची."

बाया हसल्या. नानांनी खांब तिथेच टाकला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना खरी पुरून उरायची ती त्यांची बायको. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. जाड, ठसकेबाज बाई. दुपारी जेवण घेऊन भट्टीवर यायची आणि ताटासमोर उभी राहून विचारायची, "दुसरी भाकर कोनले वाढू? आत्माले का पोटले?" नाना मुकाट्याने ताट पुढे करायचे. एकदा तिचा गुडघा सुजला तेव्हा ते म्हणाले, "गुडघा दुखस तो गुडघाना सवाल शे, तुना नही." तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "मंग पानी तुम्ही भरा. घागर गुडघाले उचलता येत नही."

नानांनी भरलं. अगदी घरापर्यंत नेलं. असे होते ते.

नंतर त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. देहाचे लाड म्हणाले. अक्का गोळी कुटून वरणात घालायची आणि मला डोळा मारायची. मग त्यांनी एकवेळचं जेवण सोडलं. मग दर गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत मौन. मौनाला घरात गडबड होते म्हणून रिकाम्या भट्टीत जाऊन बसायला लागले. अंधारात हात दिसत नाही, पाय दिसत नाही, तिथे आपण कोण ते समजतं, असं त्यांचं म्हणणं. अक्का पहिल्या गुरुवारी त्यांच्यामागे गेली ती त्यांना चक्कर आली तर धरायला. असं तिनेच मला सांगितलं.

"तू पण गप्प बसतेस?" मी विचारलं.

"बोलू कोनसंगे? भिंतीसंगे?"

पण पुढे ती त्यांच्याआधी निघायला लागली. तिचे टोमणे कमी झाले. मला ते आवडलं नाही. एका दुपारी भट्टीवर चहा गाळताना उकळता चहा तिच्या पायावर सांडला. पाय लालभडक झाला. मी पाणी घेऊन धावले, तर ती ओरडली नव्हती, वाकलीही नव्हती. तिने स्वतःच्या हाताची कातडी दोन बोटांनी उचलली आणि मला म्हणाली, "हाई मी नही."

मी तिच्या पायावर पाणी ओतलं. "अक्का, पाय तुझाच आहे," म्हटलं. ती हसली, पण तिचं ते नेहमीचं हसणं नव्हतं. मी नानांना सांगितलं, बायकोला आवरा. नानांना वाटलं मी तिचं कौतुक करतेय. त्यांचा चेहरा खुलला.

तो गुरुवार हरतालिकेच्या आधीचा होता. बाजारात केळीला एकदम मागणी आली. हिरामण आमचा भट्टीवाला. त्याने सकाळीच घड रचले आणि आम्ही सगळे भाकर खायला आंब्याखाली गेलो. तेवढ्यात नाना आणि अक्का आत जाऊन बसले, घडांच्या मागे. भट्टीचा धूर नेहमी दिवेलागणीला लागायचा, तोवर आपण बाहेर येऊ, असा नानांचा अंदाज. पण माल न्यायची गाडी लवकर येणार होती. हिरामणने दुपारीच उरकायचं ठरवलं.

दार लावण्याआधी पत्र्यावर थाप मारून हाक द्यायची, ही आमच्याकडची रीत. कधी मांजर असतं, कधी एखादा हमाल सावलीला झोपलेला असतो. हिरामणने थाप मारली. "मझार कोनी शे का?" मोठ्याने, दोनदा. मी हौदावर होते, मी ऐकलं. आतून काही आलं नाही. भरलेल्या भट्टीत नाना बसतील असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्याने दार लावलं, चिखल लिंपला, मागे जाऊन मडकं सरकवलं.

मी घड धूत राहिले. बऱ्याच वेळाने आवाज आला. आधी वाटलं घूस आहे. मग दारावरचा चिखल तडकलेला दिसला.

दोघांना गाडीत घालून चोपड्याला नेलं. पुढे पोलीस आले आणि हिरामणला घेऊन बसले. हाक दिली होती हे तो सांगत होता, मीही सांगत होते, पण भट्टीवरच्या माणसांचं कोण ऐकतं? हातात बेड्या पडायचीच वेळ आली होती. दवाखान्यात खाटेवरून नाना म्हणाले, "त्याले सोडा. त्यानी हाक दिन्ही व्हती. मी ऐकी."

"मग बोलला का नाहीत?" पोलिसाने विचारलं.

"मौन व्हतं."

पोलीस गेल्यावर मी जवळ बसले. नानांच्या दहाही बोटांना पट्ट्या होत्या. मी न विचारता ते बोलायला लागले. हाक आली तेव्हा दार अजून उघडं होतं, अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ती गप्प राहिली. मग धूर आला. खोकला आला, छाती फुटायला लागली, तेव्हा ते उठले, घड तुडवत दाराकडे धावले, ओरडले, मौन-बिन काही आठवलं नाही.

"आणि अक्का?"

"मी हात ओढा तिना. ती उठनी नही. मडकाना उजेडमा दिसनं, डोया मिटेल व्हतात." नाना छताकडे पाहत होते. "माय, तिले खरं वाटनं व्हतं."

समजूत घालणं मला जमत नाही. नर्सने गोळी आणून दिली. हात बांधलेले होते म्हणून मी ती त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी पाणी मागितलं आणि गिळली. पुन्हा पाणी मागितलं.

अक्का चोपडा यायच्या आधीच, गाडीतच गेली होती. वाचले ते नाना.