भागवतची राजदूत

तळेवाडीच्या फाट्यावर टमटम पंक्चर झाली नसती, तर मुनीब त्या दिवशी खाली उतरलाच नसता. उतरला, पाय मोकळे करत दोन पावलं चालला आणि रस्त्याकडेच्या गोठ्यासमोर त्याला भंगारवाल्याचा टेम्पो दिसला. दोन माणसं एक मोडकी मोटारसायकल उचलून आत टाकत होती. हेडलाइट फुटलेला, टाकी चेपलेली, चाकांच्या तारांत कोंबड्यांची पिसं अडकलेली. पण राजदूत. मुनीबच्या अब्बांकडं तसलीच होती. तिच्या टाकीवर बसून तो लहानपणी देवणीच्या बैलबाजाराला जायचा.

"काका, ही मला द्या की," तो म्हणाला.

गोठ्याचे मालक अण्णाराव वळले. साठीचा उंच माणूस, डोक्याला उपरणं.

"काय करतोस? सांगाडा हाय नुसता."

"करतो दुरुस्त. मी रोजचाच ह्या रस्त्याचा. जळकोटहून उदगीरला जातो, दवाखान्यात."

"भंगारात जाऊ दे. लाभाची गाडी न्हाई ती."

"अहो, घेऊ द्या की त्यांना," भंगारवाला हसत म्हणाला. "मला काय, लोखंडच."

चार माणसं बघत होती. नाही म्हणायला अण्णारावांना कारण सापडेना. त्यांनी एकदा घराच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"घे," ते हळूच म्हणाले. "पण ह्या रस्त्याला आणू नको."

उदगीरला जायला दुसरा रस्ताच नव्हता. हे मुनीबला माहीत होतं, आणि अण्णारावांनाही.

मुनीब चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. उदगीरच्या एका हाडांच्या दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं उजेडावर धरून बघायची आणि संध्याकाळी टमटमला लोंबकळत घरी यायचं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. ती गाडी अंगणात आली आणि त्याच्या हातांना दुसरा उद्योग मिळाला. रविवार आला की तो इंजिन उघडून बसे. मामेसासरे फारूक नांदेडला मिस्त्री होते. जुन्या गाड्यांचे सुटे भाग कुठल्या बोळात मिळतात ते त्यांना पाठ. त्यांनी पिस्टन पाठवला, क्लच प्लेटा पाठवल्या, कार्बोरेटर स्वतः साफ करून दिला. टाकीचे पोचे काढून मुनीबनं तिला काळा रंग दिला. कागदपत्रांसाठी उदगीरला खेटे घातले. हँडल मोकळं फिरत होतं, म्हणून तेवढा भाग मात्र त्यानं उघडला नाही. वरूनच ग्रीस भरलं.

सुगी संपता संपता गाडी सुरू झाली. बायको गौसिया चौकटीत उभी राहून बघत होती. मुनीब लहान मुलासारखा हसला.

पहिल्या दिवशी तळेवाडी जवळ आली तेव्हा त्याला अण्णारावांचं बोलणं आठवलं आणि त्यानं उगाच वेग वाढवला. तरीही ती दिसलीच. अण्णारावांच्या दारातून एक बाई धावत रस्त्यापर्यंत आली होती. हात पिठाचे, पदर खांद्यावरून घसरलेला. ती ओरडली नाही, तिनं हातही केला नाही. नुसती गाडीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आधीच उभी होती. आवाज लांबून ऐकला असणार. तिसऱ्या दिवशीही तेच. मुनीबनं दवाखान्यात तळेवाडीच्या एका पेशंटला विचारलं तेव्हा कळलं, ती लक्ष्मीबाई, अण्णारावांच्या धाकट्या भावाची, भागवतची बायको. दहा-बारा वर्षांमागं भागवत ह्याच गाडीवर ढोरखिंडीच्या उतारावर गेला. पुलाच्या कठड्यावर आदळला.

"पिलेला होता," पेशंट म्हणाला. "अण्णारावच सांगत होते तसं."

त्या रात्री जेवताना मुनीबनं हे गौसियाला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"मेरे कू डर लगता जी," ती म्हणाली. "वो गाडी नक्को."

"लोखंड आहे गं," मुनीब म्हणाला. पण झोपताना त्यानं गाडीवर ताडपत्री टाकली. पाऊस तर नव्हता. दारातून ती दिसू नये एवढंच.

ढोरखिंडीचा उतार तळेवाडीच्या पुढं लागतो. रस्ता एकदम खाली सुटतो, तळाशी ओढ्यावर अरुंद पूल. मुनीब तिथं गिअर कमी करून उतरायचा. रोजचा उतार, पण आता त्याची नजर आधी पुलाच्या कठड्यावर जाई. आणि थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी, अर्ध्या उतारावर, हँडल त्याच्या तळहातांत थरथरलं. क्षणभरच. रस्ता खराब असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. रस्ता चांगला होता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. त्याला थांबावंच लागलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हँडल हालायलंय का?"

मुनीबनं एक पाय जमिनीवर टेकला. "न्हाई, अक्का. का?"

"खरं सांगा."

मुनीबची नजर हँडलवर गेली.

"ते रोज म्हणायचे," ती म्हणाली. "खिंडीत हँडल हालतंय, लक्ष्मी, हातात धरवत न्हाई. थोरल्या भावाला सांगितलं, तर ते म्हणले तुला चालवता येत न्हाई. मग ते गेले. आणि सगळे म्हणले, पिऊन गेले. माझ्या नवऱ्यानं कधी थेंबाला हात लावला न्हाई, भाऊ. पण माझं कोण ऐकतं? ह्याच घरात राहायचं, ह्यांच्याच हातचं खायचं."

मागं ओसरीवर अण्णाराव येऊन उभे होते. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण ती बाजूला झाली.

मुनीब खिंडीत शिरला आणि थरथर पुन्हा आली. ह्या वेळी ती थांबली नाही. हँडल डावीकडं ओढू लागलं. त्यानं ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीला घासत नेले, पुलाचा कठडा समोर मोठा मोठा होत आला आणि वीतभरावर गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. खालून ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. त्याला बराच वेळ हातांची बोटं उघडता आली नाहीत.

गाडी ढकलत, मग टेम्पोत टाकून त्यानं घरी आणली आणि त्याच दुपारी पुढचं चाक धरणारा चिमटा सोडवला. हँडल ज्यावर फिरतं तो दांडा बाहेर आला. खालच्या टोकाला, बेअरिंगच्या छर्‍यांच्या वाटीखाली, जिथं रंग पोचत नाही तिथं, जवळजवळ गोल फिरलेली चीर होती. आणि त्या चिरेत पिवळं काहीतरी भरलेलं. पितळेची झाळ, मोड सांधायला वितळवून ओतलेली. जुनी, काळवंडलेली, अर्धी उकललेली.

मोडलेलं हाड कधीचं, ते त्याला बघितलं की कळायचं. ही मोड भागवतच्या अपघाताच्या आधीची होती. पडून मोडलं, कुणीतरी झाळलं, आणि झाळलेलं माणसाच्या हातात दिलं.

त्यानं फारूकमामूंना फोन केला. "झाळलेला दांडा?" पलीकडून मामू ओरडले. "तो कुणी बसवला? अरे, कुठलाही मिस्त्री सांगेल, तो बदलायचा असतो!"

मुनीबनं तो दांडा फडक्यात गुंडाळला आणि टमटमनं तळेवाडीला गेला. अण्णाराव ओसरीवर शेजाऱ्यांबरोबर बसले होते. मुनीबनं त्यांना नमस्कार केला, पण फडकं लक्ष्मीबाईच्या हातात दिलं.

तिनं ते उघडलं. बोट फिरवलं. "हे पिवळं काय?"

"पितळ, अक्का. आधीच मोडलं होतं. कुणीतरी झाळून घेतलं होतं. त्यांच्या हातात आलं तेव्हा ते मोडकंच होतं."

लक्ष्मीबाईनं दांडा हातात धरून वर पाहिलं. "ते गेले त्या उन्हाळ्यात लग्नाला गाडी तुम्ही नेली होती, भावजी. दोन दिवस उशिरा आणली. गुडघा फुटलेला होता तुमचा."

शेजारी एकमेकांकडं बघू लागले. अण्णाराव उठले नाहीत, रागावले नाहीत. मग म्हणाले, "झाळलं होतं. मला वाटलं, चालंल."

"आणि पिलेला होता म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

त्यांनी उपरणं डोक्यावरून काढलं आणि मांडीवर ठेवलं. एवढंच.

मामूंनी नवा दांडा पाठवला. मुनीबनं तो बसवून गाडी पुन्हा रस्त्याला आणली तेव्हा लक्ष्मीबाई एक पिशवी घेऊन दारात उभी होती.

"उदगीरपर्यंत सोडता का, भाऊ? देवणीला माझा भाऊ हाय. तिकडं जाते मी आता."

मुनीबनं ओसरीकडं पाहिलं. अण्णाराव खांबाला टेकून बसलेले, डोळे गाडीवर. जाऊ नको म्हणाले नाहीत. जा म्हणाले नाहीत. ही बाई निघून गेल्यावर ह्या घरात ह्या माणसाचं काय होणार, ते त्याला विचारायचं नव्हतं.

लक्ष्मीबाई मागं बसली. खिंड आली तशी तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता.

"हळू, भाऊ," ती म्हणाली.

मुनीबनं गिअर खाली घेतला आणि गाडी उतारावर सोडली.