सेनबाबूंच्या लॉनला शेंड्या फुटल्या

माझा मुलगा लोकांचं गवत विंचरतो आणि त्याचे पैसे घेतो.

हे सांगितलं की लोक आधी त्याच्याकडं बघतात, मग माझ्याकडं. पण खरं आहे. विलासचं ऑफिस बंद पडलं, तेव्हा त्यानं घरातलं होतं नव्हतं ते घालून दोन मशिनं आणली. एक लॉनचं गवत विंचरून खालचा वाळका थर उपसून काढतं. दुसरं जमिनीला बोटभर खोल भोकं पाडतं, म्हणजे मुळांना हवा लागते म्हणे. (आमच्या गावाकडं हे काम गांडुळं फुकट करायची!)

विलासचे वडील खिदिरपूरच्या गोदीत कामाला होते. ते गेले तेव्हा हा पाचवीत. तेरावं झालं आणि मी इथल्या मराठी ऑफिसवाल्यांचे डबे सुरू केले. रडायचं होतं, पण पोळ्या खारट झाल्या असत्या. तेव्हा गवत विंचरणं हे मला काही फार मोठं संकट वाटलं नाही.

पहिलं मोठं काम मिळालं सॉल्ट लेकच्या सेनबाबूंचं. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर, जेवणावळ लॉनवर. काम पसंत पडलं तर गल्लीतले सगळे लॉन विलासला मिळवून देतो, असा शब्द त्यांनी दिला होता.

सुजाता, माझी सून, म्हणाली, "आई, हे फिसकटलं ना, तर मशिनं विकायची. दुसरं काही उरलं नाही आपल्याकडं."

आणि नेमका कामाच्या दिवशीच विलासचा जोडीदार आला नाही. तो बजबजहून येतो, त्याची गाडी मध्येच अडकली.

"मी येते," म्हटलं. "वाळकं गवतच गोळा करायचं ना?"

"आई, तुझे गुडघे?"

"ते घरी ठेवून येते."

वाटेत सियालदहला टेम्पो थांबवून मी किलोभर मेथ्या घेतल्या. गुडघ्यांसाठी लाडू करायचे होते. (ही मेथी लक्षात ठेवा. मी विसरले असते तर बरं झालं असतं!)

विलासनं दोन्ही मशिनं फिरवली. दुपारपर्यंत त्या लॉनची अशी दशा झाली, की बाळंतपणानंतर माझे केस गळले होते तेव्हा मीसुद्धा एवढी वाईट दिसत नव्हते! सगळं पिवळं, टकलं, आणि वर भोकंच भोकं. तेवढ्यात सेनबाबू चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"बिलाश! ए की कोरले! ये क्या किया! सब मार दिया!"

"मरा नहीं है, दादा. पंधरा-बीस दिन में हरा हो जाएगा."

"मेरा बेटी का शादी है! इधर लोग खाना खाएगा कि कुश्ती लड़ेगा?"

विलास हो-हो म्हणत राहिला. पण तोंड बघवेना त्याचं. पाचवीत असताना ज्या तोंडानं दारात उभा होता, तेच तोंड. मग वरून पसरायची वाळू आणायला तो टेम्पो घेऊन गेला. जाताना बजावलं, "आई, कशाला हात लावू नकोस."

मी कशाला हात लावतेय! नुसती बसले. समोर भोकं. ओळीनं, सारख्या अंतरावर, स्वच्छ. माझं माहेर शेतकऱ्याचं. आमच्यात जमीन उकरली आणि बी न टाकताच घरी गेलं, असं कुणी केलं तर त्याला ताप आलाय का ते बघतात. त्यात सेनबाबूंना पाहिजे होतं लवकर हिरवं. मेथीपेक्षा लवकर काय हिरवं होतं? म्हटलं, पोराचं गवत येईपर्यंत मेथी वेळ मारून नेईल.

मी पिशवी सोडली.

भोकाला चिमूट, भोकाला चिमूट, बसल्याबसल्या सरकत सगळा लॉन पेरून काढला. (गुडघे खरोखरच घरी राहिले असावेत. एकदाही दुखले नाहीत!) विलास आला, त्यानं वर वाळू पसरली, पाणी मारलं. म्हणाला, "शहाण्यासारखी बसलीस, बरं वाटलं."

घरी सुजातानं विचारलं, "आई, मेथ्या आणणार होतात ना?"

"संपल्या."

"लाडू न करताच?"

मी जपाची माळ घेतली. जप करताना कुणी प्रश्न विचारत नाही.

आठवडा व्हायच्या आत सेनबाबूंचा फोन. "बिलाश! तुम तो जादूगर है! सब हरा!" सुजातानं देवापुढं साखर ठेवली. विलास मात्र डोकं खाजवत होता, "इतक्या लवकर कसं आलं?" मी देवाला जरा जास्तच वेळ नमस्कार केला.

मग परत फोन. आवाज बारीक. "बिलाश, घास का पत्ता गोल क्यों है?"

गेलो आम्ही दोघं. बघते तर काय! भोकाभोकातून एकेक झुपका वर आलेला आणि मधे सगळं टक्कल. जणू शेंड्या राखलेले शंभर बटू सामुदायिक मुंजीला ओळीनं बसलेत!

विलास उकिडवा बसला. एक शेंडी उपटली. वास घेतला. मग हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आई."

"काय रे?"

"लाडू कुठायत?"

तेवढ्यात सेनबाबूंच्या बायकोनं एक पान चावून बघितलं. "ओ मा! ए तो मेथी शाक!"

आता लपवून काय उपयोग? मी पुढं झाले. "मैंने लगाया. उसकू मालूम नहीं. जो बोलना है, मेरे को बोलो."

एवढ्या म्हाताऱ्या बाईवर ओरडायचं कसं, तेच सेनबाबूंना सुचेना. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाले, "किंतु क्यों, माशिमा?" (माशिमा म्हणजे मावशी.)

"आपकू हरा मंगता था ना?"

ते पायरीवर बसले. विलास शेंड्या उपटायला लागला. मीही बसले. मग बाई टोपली घेऊन आल्या. आणि थोड्या वेळानं, लुंगी वर खोचून, सेनबाबूसुद्धा! मधेच ते ओरडले, "बिलाश! ये देखो!"

मेथीच्या बुडाशी खरं गवत डोकं वर काढत होतं. हिरवं झालंय म्हणून खूश होऊन सेनबाबूंनी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं होतं. मेथी प्यायली, गवतही प्यायलं!

लग्नाला लॉन गालिच्यासारखा होता. गल्लीतली कामं विलासलाच मिळाली. सुजाता आता मशिनं पुसून ठेवते.

मीही जाते कधीमधी गवत गोळा करायला. पण निघताना विलास दारातच माझी पिशवी उलटी करतो. परवा धणे निघाले.

"हे काय, आई?"

"आमटीला."

"दोन किलो?"

मी गुडघा धरून मटकन खाली बसले. एवढं एक काम माझे गुडघे अजून वेळेवर करतात!